तीनशे अठरा रेघा

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, एका लहानशा गावाच्या कचेरीचा. मित्रांनो, तुम्ही फळ्याकडे पाहता ते बहुधा नाइलाजाने. माझ्याकडे मात्र माणसे आपण होऊन येत. दूध घालून परत निघालेला गवळी यायचा, कडेवर मूल घेतलेली बाई यायची, आणि ज्याला अक्षर ओळखता येत नाही तोही डोळे बारीक करून माझ्यासमोर उभा राहायचा.

एका सुताराने गोदामाच्या जुन्या दारांतून मला जोडले. डाव्या कोपऱ्यात कडीचे भोक होते, ते त्याने लाकडाची खुंटी ठोकून बुजवले. कचेरीच्या ओसरीत, पत्र्याच्या पडवीखाली मला टांगले गेले. दर वर्षी कोळसा कुटून, त्यात पाल्याचा रस घालून मला काळे करायचे काम वहिनींचे. वहिनी म्हणजे कचेरीच्या शिपायाची बायको. त्याला सारा गाव शिपाईदादा म्हणे, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. काम संपले की कोपरापर्यंत काळे झालेले हात दाखवून त्या म्हणत, "बघा, फळा गोरा राहिला, मीच काळी झाले."

त्या गावाची एक रीत होती. कोणतीही गोष्ट ठरवायची असली की ती माझ्या डोक्यावर लिहायची आणि खाली दोन रकाने पाडायचे, 'हो' आणि 'नाही'. प्रत्येक चुलीने एक रेघ ओढायची. तीन दिवस कोणी काही पुसायचे नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघा मोजायच्या, की विषय संपला. विहीर कुठे खणायची, रस्ता कोणत्या अंगाने न्यायचा, सगळे असेच ठरले. एकदा दुकानदाराने गुपचूप दोन रेघा ओढल्या. त्याची म्हातारी आई काठी टेकत आली आणि पदराने एक पुसून टाकली. "दुकानं दोन असतील तुझी. चूल एकच आहे, आणि ती माझी आहे!" ओसरी हसून हसून लोळली. त्या वेळी मला फार अभिमान वाटे. फळ्यावर आले म्हणजे झाले, असे गाव म्हणे. याच अभिमानाने पुढे घात केला.

वहिनींची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी शेजारच्या शहरात जावे लागे. शहर बारा किलोमीटरवर. आमच्या प्रांताचे कार्ड दाखवले की तिथल्या मोठ्या रुग्णालयात फुकट उपचार मिळत. सकाळच्या गाडीने त्या जात, दुपारी परत येत आणि येताना ओसरीच्या पायरीवर दम खायला बसत. त्या दोन खेपांवर त्यांचा जीव चालला होता.

एका दुपारी कचेरीपुढे जीप थांबली. दोन साहेब उतरले. गाव शेतात होते, ओसरीत एकटे शिपाईदादा. त्यांनी खळीचा डबा आणून दिला. साहेबांनी माझ्या छातीवर एक कागद डकवला, बाजूला उभे राहून दोन फोटो काढले आणि लगेच कागद सोलून घेतला.

"अहो साहेब, काढता कशाला?" दादांनी विचारले.

"ओला आहे. वाळवून परत लावतो. तुम्ही इथं सही करा, नोटीस लागली म्हणून."

दादांनी चष्मा शोधला. तो घरी राहिला होता. वरचे 'हद्दीची फेररचना' एवढे मोठे अक्षर त्यांना लागले. साहेब म्हणतो म्हणजे लावेलच, असे धरून त्यांनी सही केली. जीप गेली. कागद काही परत आला नाही. दादाही ती गोष्ट विसरले.

सत्तावीस दिवसांनी वहिनी रुग्णालयातून आल्या त्या पायरीवर बसल्याच नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "अहो, तो कार्ड बघणारा कारकून म्हणतो, पुढच्या महिन्यापासून तुमचं गाव पलीकडच्या प्रांतात. हे कार्ड चालणार नाही. नोटीस लागून सत्तावीस दिवस झाले म्हणे. हरकत असेल तर तीन दिवसांत कळवा."

दादा माझ्याकडे पाहत राहिले. तो सोललेला कागद त्यांना आता आठवला.

त्या संध्याकाळी दादांनी साऱ्या गावापुढे सहीची गोष्ट सांगितली. कोणी शिव्या दिल्या, कोणी मान फिरवली. दुकानदार म्हणाला, "त्याच्या मानगुटीवर नंतर बसू. आधी हरकत. तीनच दिवस ना? आपल्याला तेवढेच लागतात."

शाळेच्या बाई पुढे आल्या. "कागदावर लिहून, सह्या घेऊन पाठवायला हवं."

"कागद काय बाई, कोणीही कोपऱ्यात बसून खरडतो. फळ्यावरची रेघ चारचौघांत असते. आजवर कधी खोटी ठरलीय का?" गर्दीतून आवाज आला.

आणि मित्रांनो, शिकलेल्या बाईंनाही ते पटले. त्यांनी वळणदार अक्षरात माझ्यावर लिहिले, 'आम्हाला न विचारता आमचे गाव दुसऱ्या प्रांतात घालणे मान्य आहे का?' तीन दिवस माणसे येत राहिली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला खाटेसकट आणले. भांडून वेगळ्या झालेल्या भावांनी शेजारीशेजारी रेघा ओढल्या. वहिनींनी ओढलेली रेघ थोडी वाकडी आली. तीनशे अठरा चुली, तीनशे अठरा रेघा, सगळ्या 'नाही'खाली. 'हो'चा रकाना कोरा. असा एकमुखी गाव मी कधी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी साहेबांना निरोप गेला, गावाचा निर्णय झाला आहे, येऊन पाहून जा. उलट टपाली उत्तर आले. मुदतीत आलेल्या हरकती, शून्य.

गाव हलले नाही, घरे हलली नाहीत, पण महिना पालटला तशी आम्ही सगळी दुसऱ्या प्रांतात गेलो. नव्या प्रांताचे रुग्णालय शहाऐंशी किलोमीटरवर. दोन गाड्या बदलायच्या, रात्र धर्मशाळेत काढायची. वहिनींनी तीन खेपा केल्या. तिसऱ्या वेळी स्थानकावरच घेरी येऊन पडल्या. मग त्यांच्या बहिणीने मार्ग काढला. बहीण बारा किलोमीटरवरच्या त्याच शहरात राहत होती. तिच्या पत्त्यावर वहिनींचे नवे कार्ड निघेल, पण तिथेच राहायला हवे आणि नवऱ्याच्या घरी राहत नाही असे लिहून द्यायला हवे.

त्यांनी लिहून दिले. जायच्या दिवशी ओसरीत ट्रंक ठेवून त्या म्हणाल्या, "लग्न एका मांडवात झालं आणि संसार दोन प्रांतांत. आता पाहुण्यासारखे या मला भेटायला. हात हलवत नका येऊ."

दादा हसले नाहीत. त्यांना बरोबर जाता येत नव्हते. गावाने कोर्टात दावा लावला होता आणि कागद सोलताना पाहणारा साक्षीदार ते एकटेच. वकिलाने बजावले होते, "गाव सोडलंत तर बाहेरचा माणूस ठराल, साक्षीला वजन राहणार नाही." नव्या कचेरीने उलटे बजावले, "साक्ष दिलीत तर नोकरी विसरा." दादा गावात राहिले, साक्ष दिली आणि नोकरी विसरले.

मलाही कोर्टात नेले, पुरावा म्हणून. टेम्पोत चादरीने घासून निम्म्या रेघा पुसट झाल्या होत्या. सरकारी वकिलाने विचारले, "नोटीस फळ्यावर किती वेळ होती?"

"दोन फोटो निघेपर्यंत."

"मग ही सही कोणाची?"

"माझी. हात माझा, अक्षर माझं आणि लाजही माझीच."

न्यायाधीश माझ्याजवळ आले, चष्मा वर करून त्यांनी मला नीट पाहिले. भला माणूस होता. पण निकालात त्यांनी लिहिले की मुदतीत लेखी हरकत आलेली नाही आणि खडूच्या रेघा कायद्याला दिसत नाहीत.

परतताना दादांनी टेम्पो शहरात वळवला. वहिनी बहिणीच्या खांद्याला धरून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आल्या. त्या किती वाळल्या होत्या! चेहऱ्यावर सूज, मनगटात मात्र बांगडी ठरत नव्हती.

"काय झालं?"

"हरलो."

"विचारलं तरी का काही?"

"विचारलं की. दोन तास विचारत होते. सगळं होऊन गेल्यावर."

दादा म्हणाले, "मी इथं येऊन राहू का? तू म्हणशील तसं."

वहिनींनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. या. उशीर केलात, पण या."

सात आठवडे ते दोघे एका खोलीत राहिले. त्यानंतर वहिनी गेल्या. शाळेच्या बाईंनी ती बातमी माझ्यावर लिहिली, खाली गावाचे नाव लिहायला लागल्या आणि मध्येच खडू थांबला. कागदोपत्री वहिनी आमच्या गावच्या नव्हत्याच. तरी बाईंनी गावाचे नाव लिहिले, ठसठशीत.

आता मला काळे करणारे कोणी नाही. लाकूड फुगले आहे, खडू धरवत नाही. त्याची तक्रार नाही, लाकडाला वय असते. तुम्ही मोठे व्हाल, कोणी साहेब व्हाल, कोणी घरातले कर्ते व्हाल. दुसऱ्याच्या आयुष्याचे काही ठरवायची वेळ तुमच्यावर येईल. कागद डकवून फोटो काढला म्हणजे विचारले असे होत नाही. त्याच्या दारी जा, बसा, विचारा. आणि उत्तर द्यायला माणूस जागेवर आहे, तोवर विचारा.