पेटीतला पिवळा तुकडा

मी टीचभर पिवळा तुकडा बोलतोय. हसू नका, टीचभर असलो तरी मला जीव आहे.

सोलापुरातल्या एका दुकानात ठाण संपता संपता थोडं सुती कापड उरलं. दुकानदार त्याला कटपीस म्हणाला. जवळच्या कुंभारी गावातल्या गौरम्मानं ते घेऊन लेकीला झबलं शिवलं. त्यातूनही मी उरलोच! उरल्यासुरल्याला लोक फार नावं ठेवतात हो. कुणी चिंधी म्हणतं, कुणी पायपुसणं करतं. गौरम्मानं मात्र मला पेटीत जपून ठेवलं.

वर्षाच्या आत लेक तापानं गेली. झबलं तिच्या अंगावरच मातीत गेलं. मागं मी तेवढा राहिलो. गौरम्मा कधीमधी मला मांडीवर पसरायची, हात फिरवायची, पुन्हा घडी घालायची. फार वाईट वाटायचं मला.

यंदा शेजारच्या जगदेवीला नातू झाला. तिच्या सुनेचं, शिवलीलाचं, पहिलं मूल पाळण्यातच गेलेलं. अशा घरी पुढच्या बाळाला विकतची कुंची घालत नाहीत. घरोघर तुकडे मागायचे आणि ते जोडून कुंची शिवायची, म्हणजे बाळ टिकतं, असं इथल्या बायका मानतात. जगदेवी मागायला निघाली. गौरम्मानं मला धुऊन वाळवलं आणि हातात घेऊन दारात बसली. जगदेवी मान खाली घालून पुढच्या दाराशी गेली. गौरम्मा बसूनच राहिली. काय वाटलं असेल हो त्या बाईला!

संध्याकाळी शिवलीलाच बाळाला छातीशी धरून आली.

"मावशी, तुमच्या घरचा तुकडा द्या की."

मागून जगदेवी धावत आली. "अगं, ओली बाळंतीण तू, कुटं निघालीस? तिची लेक न्हाय राहिली. त्या घरचं कापड नगं!"

"आत्या, माझंबी पैलं न्हाय राहिलं," शिवलीला म्हणाली. "मग माझं दूधबी नगं म्हणा की याला."

जगदेवी पुढं आली. मग तिनंच बाळ उचलून गौरम्माच्या मांडीवर दिलं. "लई चुकलं माझं, गौरम्मा. कुंची तूच शीव."

आता मी त्या कुंचीत, बाळाच्या कपाळाशी आहे. त्याच्या घामानं भिजतो, उन्हात वाळतो. धुऊन धुऊन एक दिवस विरेन, त्याचं काही नाही. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. चांगल्या कामाला दारोदार निघालात, तर मूल गेलेल्या बाईचं दार चुकवू नका. ती अजून आईच असते.