घोंगडीखालची ज्योत

नवी खरबवाडीच्या वेशीबाहेर त्या दिवशी दीडशे माणसं रांगेत उभी होती, आणि रांग कशासाठी, तर एका घोंगडीत डोकं घालण्यासाठी!

घोंगडी टाकली होती एका काळ्या दगडावर. भूकंपात जुनं गाव भुईसपाट झालं, सरकारने दीड किलोमीटरवर हे नवं गाव वसवलं, तेव्हा लोकांनी जुन्या वेशीतला तेवढा एक दगड सोबत आणून इथे रोवला. त्याला मधोमध चीर आहे. एकेकाने वाकून घोंगडीत शिरायचं, चिरेला डोळा लावायचा आणि ‘दिसली, दिसली!’ असं ओरडत बाहेर यायचं. आत लाल ज्योत दिसे. कधी स्थिर, तर कधी लुकलुकणारी.

वीस पावलांवर मंडप होता. त्यात जाड सतरंजीवर धरणीनाथ महाराज बसले होते आणि हातातला माइक तोंडाला इतका लावून बोलत होते की निम्मे शब्द फुंकरीतच जात.

“बाळांनो, ही ज्योत न्हाई, हा भूमातेचा डोळा हाय! रडून रडून लाल झालाय! का रडून राहिली माता? तुमी तिच्या अंगात काचेची नस घातली! कंपनीवाले म्हणतात, हिच्यातून उजेड पळतो. अरं, उजेड वर असतोय, खाली कशाला न्यायचा? खाली उजेड गेला की पाताळ जागं होतंय. जागं झालं की कूस बदलतंय. आन् कूस बदलली की...”

इथे महाराज थांबत. पुढचं सांगायची गरजच नव्हती. रांगेतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या पहाटे गेलेलं होतं. त्यात यंदाच्या हिवाळ्यात जमीन दोनदा गुरगुरली होती. भांडी वाजली, पत्रे थरथरले, तेव्हापासून अर्धं गाव अंगणात झोपत होतं.

महाराजांकडे उपाय तयार होता. मंतरलेले लोखंडी खुंटे, घराच्या चार कोपऱ्यांना चार. “घर जमिनीला खिळलं, की हलायचं काम न्हाई!” जमीनच हलली तर तिला खिळलेलं घर कसं थांबेल, हे कुणी विचारलं नाही. घराघरातून घणाचे आवाज येऊ लागले. शिवाय ठरलं, की शनिवारी जेसीबी आणून गावातली सगळी फायबरची केबल उपटून काढायची.

मीच का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मी लातूरच्या क्लासमध्ये अठरा वर्षं फिजिक्स शिकवून गावी परतलेला माणूस. माझ्या हाताखालून गेलेले डॉक्टर मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. आणि खरं सांगायचं तर मीही घोंगडीत डोकं घालून आलो होतो. लाल ठिपका पाहिला, बाहेर आलो आणि विद्वानासारखा म्हणालो, “फॉस्फरस असेल.” फॉस्फरस त्या दगडात कुठून येईल, आणि आलाच तर लाल का दिसेल, हे मलाही ठाऊक नव्हतं. लोकांना मात्र वाटलं की सरांनीही मान्य केलं.

या सगळ्यात एकच जीव खरोखर टांगणीला लागला होता. आमच्या गल्लीतली वर्षाराणी. लातूरला माझ्याच क्लासमध्ये शिकली, पण पहिल्या प्रयत्नात तिची मेडिकलची सीट थोडक्यात हुकली. लातूरला दुसरं वर्ष खोली घेऊन राहणं घरच्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून तिच्या वडिलांनी, श्रीमंतने, घरात फायबर घेतलं. पोरगी पडवीत बसून सकाळी लेक्चर बघायची आणि दुपारी तीन तासांचा पेपर सोडवायची. परीक्षा चाळीस दिवसांवर आली होती, आणि चार दिवसांपासून नेट बंद होतं. मोबाइलची रेंज आमच्या गावात फक्त पाण्याच्या टाकीवर मिळते.

“तुटलं ते बरंच झालं,” श्रीमंत मला म्हणाला. “न्हाई तरी शनिवारी काढायचंच हाय.”

“अरे, पोरीचं वर्ष जाईल!”

“वर्ष जाईल ना सर, पोरगी तर ऱ्हाईल.” त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. “मी बारा वर्साचा व्हतो. माज्या बहिणीला ह्या हातांनी मातीखालून काढलंय. मला न्हाई पाहिजे डॉक्टरीण.”

त्याला अडाणी म्हणणं सोपं होतं, पण मला ते जमलं नाही. तो मूर्ख नव्हता. तो भ्यालेला होता, आणि त्या भीतीवर कुणीतरी दुकान थाटलं होतं.

वर्षाराणीने मात्र बापाला न विचारता टाकीवर चढून तक्रार नोंदवली होती. गुरुवारी दुपारी स्कूटीवरून कंपनीची दुरुस्तीवाली, रुखसार आली. मूळची अहमदपूरची, आयटीआय शिकलेली, पाठीवर हत्यारांची पिशवी. तिने भिंतीवरची डबी उघडली, यंत्र लावून पाहिलं.

“लाइन तुटलीये. लांब नाही, इथंच जवळपास. थांबा, बघते.”

तिने पिशवीतून पेनासारखी एक नळी काढली, फायबरचं टोक तिच्यात बसवलं आणि बटण दाबलं. “ताई, तू इथंच थांब. सांगितलं की बटण दाबायचं,” असं वर्षाराणीला बजावून ती बाहेर पडली. मागे मी आणि श्रीमंत. घराच्या कोपऱ्याशी, जिथून केबल जमिनीतून घरात शिरते, तिथे ती थबकली.

“काका, हा खुंटा कुणी ठोकला?”

“मंतरलेला हाय. हात लावू नका.”

हात न लावता तिने खुरप्याने बाजूची माती उकरली. काळी केबल दिसली. खुंटा बरोबर तिच्यात शिरला होता. रुखसारने ओढणीने ऊन अडवून सावली केली, आणि फाटलेल्या केबलमधून लाल उजेड झळकला.

श्रीमंतने झटक्यात हात जोडले. “आई! हितंबी दर्शन दिलंस!”

रुखसार बघतच राहिली. “काका, ही बॅटरी आहे माझी.”

“न्हाई, न्हाई. तीच ज्योत हाय. वेशीतल्या दगडात हाय तीच!”

“दगडात?” तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे वळून हाक दिली. “ताई, बंद कर!”

लाल उजेड गेला.

“चालू कर!”

आला.

“आता बटण अजून एकदा दाब!”

ज्योत लुकलुकायला लागली. श्रीमंतचे जोडलेले हात तसेच हवेत राहिले. खिडकीतून वर्षाराणीचं डोकं बाहेर आलं. “सर, टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन! उजेड काचेच्या आतल्या आत आपटत पुढं जातो, बाहेर पडत नाही. जिथं तुटलं तिथं बाहेर पडला. तुम्हीच शिकवलं होतं!”

शिकवलं होतं खरं. अठरा वर्षं, दरवर्षी, चार बॅचना. ‘दोन मिनिटांत सोडवा आणि पुढे चला’ म्हणून सूत्र पाठ करून घेतलं होतं. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून उजेड खरंच कसा जातो, हे एकदाही दाखवलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही चौघं वेशीकडे निघालो. रुखसार घोंगडीत शिरली आणि चिडूनच बाहेर आली. “चिरेत फायबरचं टोक आहे. आणि याला डोळा लावायला सांगतात? आमच्या पेनवरच लिहिलंय, थेट बघू नका. लोकांच्या डोळ्यांची काही काळजी?”

महाराजांनी माइक उचलला. “नास्तिकांचा स्पर्श झाला! माता कोपली! ज्योत विझली!” आणि ज्योत विझली. रांगेत रडारड सुरू झाली.

श्रीमंत पुढे झाला. आवाज अगदी शांत. “महाराज, येक करा. हिकडं दगडापाशी या, आन् हितं हुभं राहून ज्योत पेटवा.”

“आसन सोडता येत न्हाई बाळा. बारा वर्षांचं व्रत हाय.”

“मग आसनासकट या,” म्हणत श्रीमंतने महाराजांना काखेत हात घालून लहान पोरासारखं उचललं आणि बाजूला ठेवलं. सतरंजी सरकली. खाली तसंच एक लाल उजेडाचं पेन होतं, आणि त्यातून निघालेला बारीक तंतू मातीखालून दगडाकडे गेला होता.

तेव्हा केवळाबाई, श्रीमंतची आई, काठी टेकत मंडपात गेली आणि खाली बसली. रुखसारने पेन तिच्या हातात दिलं. श्रीमंत घोंगडीत शिरला.

“तोंड लांब ठेवा हां काका,” रुखसार ओरडली. “मावशी, दाबा!”

केवळाबाईने दाबलं. “हाय का रं?”

“हाव, हाय!”

“आता?”

“न्हाई!”

“आन् आता?”

“लुकलुकून राहिली!”

म्हातारीने पेन उलटंपालटं करून पाहिलं. “अगं माय! भूमाता माज्या अंगठ्यात व्हय!” आणि रांगेतून पहिल्यांदा हसू फुटलं. मग जो तो बटण दाबायला मागू लागला. दर्शनाची रांग मंडपाकडे वळली. महाराज हळूच पायताण शोधत होते. पोरांनी त्यांना धरून बसवलं. ‘उमरीकडं केबलच्या कामावर व्हतो, तिथनंच आणलं,’ एवढं त्यांनी कबूल केलं. बाकीचं त्यांनी पोलिसांना सांगावं, त्यासाठी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे.

खुंटा श्रीमंतने स्वतः पहारीने उपटला. रुखसारने जमिनीवर फतकल मारून तंतू जोडला, आणि साडेचारला डबीवरचा हिरवा दिवा लागला. वर्षाराणी पेपर उघडून बसली. आता हाक मारायची नाही, असं केवळाबाईने साऱ्या गल्लीला दटावलं.

श्रीमंत माझ्याजवळ येऊन बसला. “सर, येक इचारू? ज्योत खोटी. मग भूकंप येणार का न्हाई?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “कधी येणार ते मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. दिवस आणि वेळ सांगणारा माणूस थाप मारतोय, एवढं नक्की.”

मग घरात आधीच काय करून ठेवता येतं, ते मी त्याला सांगितलं. वाचकहो, तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. भीती वाटली तर लाजू नका, जमीन हलते हे खरंच आहे. पण कुणी त्या भीतीवर उपाय विकायला आला, तर आधी त्याला आसनावरून उठवून बघा. जाणकाराला विचारा, भिंती मजबूत बांधा, जड वस्तू डोक्यावर ठेवू नका. आणि आम्हा मास्तरांना धरून विचारा, की बाबा, सूत्र पुरे, आता दाखव.

श्रीमंत उठला आणि आत गेला. पोरीच्या बाजेवरच्या फळीवर दळणाचे दोन डबे, पाटा आणि वरवंटा होता. तिला चाहूल लागू न देता त्याने एकेक वस्तू खाली उतरवली, मग बाज दाराजवळ सरकवून ठेवली.