काचेतली गौर

"ही काय ओवाळायला उभी हाय, की मिरकरवाड्याच्या बंदरात पापलेटांचा लिलाव पुकारायला?"

राम आळीतल्या मंगलमूर्ती वस्त्रभांडाराच्या काचेसमोर छत्री मिटत गोदाकाकी हे म्हणाली, आणि म्हणाली तेही अशा आवाजात, की आत गल्ल्यावर बसलेल्या मुकुलला, त्याच्यासमोर साड्यांचा ढीग उपसणाऱ्या बायकांना आणि पलीकडच्या भांडीवाल्यालाही नीट ऐकू जावं. भांडीवाला हसला. आतल्या बायका साड्या सोडून काच बघायला बाहेर आल्या आणि बघून तशाच निघून गेल्या.

काचेआड एक गोरीपान पुतळी उभी होती. अंगावर मोरपंखी साडी, मागे थर्माकोलचं मखर, आणि उजवा हात चांगला डोक्याच्या वर गेलेला.

"काकी, तिचा हात तसाच येतो," मुकुल कळवळून म्हणाला. "मुंबईहून आणलीय."

"मुंबैहून काय वाट्टेल ते येतंय. निऱ्या बघ मेल्या! एक इकडे, एक तिकडे. ही चार पावलं चालली तर तोंडावर आपटेल. आणि पदर कुणी काढला असा? बाईचा पदर हाय तो, खिडकीचा पडदा नाय."

मुकुलने हात जोडले. वडिलांच्या जुन्या दुकानाला त्याने दोन वर्षांपूर्वी हौसेने काच बसवून घेतली, तेव्हापासून हे चाललं होतं. गोदाकाकी राम आळीतल्या दुकानांच्या साड्या फॉल-बिडिंगला घरी न्यायची. तयार साड्या पोचवायला आली की प्रत्येक शोकेससमोर थांबायची आणि निकाल देऊनच पुढे सरकायची. गोखले नाक्यावरच्या एका दुकानदाराने नाताळचा कापूस जपून ठेवला होता. तोच त्याने यंदा गौरी-गणपतीला हिमालय म्हणून पसरला. त्याला ती म्हणाली, "अरे, गौर कैलासावरच्या थंडीला कंटाळून माहेरी येते, आणि तू तिला हितंपण बर्फातच उभी केलीस?" त्याने दुपारपर्यंत कापूस उचलला. लोक हसत, दुकानदार वैतागत, पण ती निघून गेल्यावर हळूच काचेत शिरून पदर नीट करत.

पण यंदाच्या तिच्या बोलण्याला जरा जास्तच धार होती. त्याचं कारण राम आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. ते झाडगावातल्या तिच्या घरात होतं.

गोदा लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी सासूने गौरीची पत्र्याची पेटी तिच्या हवाली केली होती. त्या पेटीत गौरीचा मुखवटा, नथ, ठुशी आणि टाचण्यांची डबी असायची. तेरड्याच्या रोपांची जुडी पाटावर उभी करायची, तिला मुखवटा बांधायचा आणि वर साडी नेसवायची, हे काम त्या घरात गोदाचं. ती नेसवायला लागली की जुडीची बाई व्हायची. आवाठातल्या शेजारणी खास बघायला यायच्या. मग गेल्या वर्षी आषाढात काशीराम गेला. एस.टी.च्या डेपोत उभा जन्म काढलेला, पान खाऊन खो खो हसणारा तिचा नवरा एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. त्या वर्षी घरात सण नव्हताच. यंदा श्रावण सरत आला, तशी एक दिवस ती बाजारातून परत येऊन बघते, तर तिच्या कॉटखालची पेटी नाही. धाकट्या जावेच्या, विमलाच्या खोलीत कपाटावर ती ठेवलेली दिसली. कुणी काही बोललं नाही. विधवेने गौर नेसवायची नाही, हे बोलून दाखवायची गरजच काय? विमला दोन दिवस तिची नजर चुकवत राहिली आणि गोदाही तांदूळ निवडत गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचं सगळं उट्टं मग राम आळीतल्या पुतळ्यांवर निघू लागलं.

त्या दिवशी मात्र मुकुलचा संयम सुटला.

"काकी, तुम्ही रोज माझं गिऱ्हाईक पळवता. एवढं कळतंय ना, मग या आत. तुम्हीच नेसवा हिला!"

भांडीवाल्याने कान टवकारले. गोदाकाकी उलट काहीतरी सणसणीत बोलेल असं त्याला वाटलं. पण ती एक पाऊल मागे सरकली.

"मी? नको रे बाबा. सणाची साडी. मला नाय चालायचं."

मुकुलला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने पुतळीच्या पोटावर बोटाने टकटक केलं. "काकी, ही फायबरची आहे. हिला काय चालतं आणि काय नाही?"

गोदा काचेकडे बघत राहिली. तो विसकटलेला पदर तिला खरंच बघवत नव्हता. तिने छत्री दाराशी टेकवली, चपला काढल्या आणि ती आत शिरली.

तिने आधी पुतळीचा तो वर गेलेला हात खांद्यातून पिरगाळून खाली आणला. मोरपंखी साडी फेडून टाकली आणि मुकुलकडून हिरवीगार, लाल काठांची मागून घेतली. टाचण्या ओठांत धरल्या. निऱ्या घालताना बोटं आधी चाचरली, मग आपली आपण चालू लागली. "थांब गो बाय, हलू नको," ती टाचण्यांच्या फटीतून पुटपुटली आणि स्वतःच दचकली. गौरीशी बोलायची तिची हीच जुनी सवय होती. मुकुलने नथ आणून दिली. तिने शेजारच्या फुलवालीकडून अबोलीचा वळेसर आणवून पुतळीच्या केसांत माळला. सगळं झाल्यावर बाहेर येऊन बघितलं आणि निकाल न देताच छत्री उचलून घरी गेली. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकुलच्या दुकानासमोर गर्दी उसळली. तिसऱ्या दिवशी तो कपाळाला हात लावून बसला.

"काकी, हे काय करून ठेवलंत?" गोदा फॉलच्या साड्या घेऊन आली तसा तो म्हणाला. "बघा जरा."

दारातल्या पायरीवर जास्वंदीची फुलं पडली होती. कुणीतरी काचेलाच हळदीकुंकवाची बोटं लावली होती. एक म्हातारी चपला काढून उभी होती आणि डोळे मिटून काहीतरी मागत होती. बायका यायच्या, थबकायच्या, हात जोडायच्या आणि पुढे जायच्या. दुकानात कुणी पाऊल टाकेना.

"काल एक बाई आत आली. मला वाटलं, सुटलो. हीच साडी दाखवा म्हणाली. मी पुतळीच्या अंगावरची काढायला गेलो, तर माझ्यावर खेकसली. म्हणे, देवीच्या अंगावरची साडी काढतोस? आणि घडीतली दाखवली तर म्हणे, नको, देवीसारखी साडी आम्ही कशी नेसायची! काकी, मला साड्या विकायच्यात. मी काय देऊळ काढलंय?"

गोदाला हसू आवरेना. पदर तोंडात धरून ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी माणसं हात जोडून गेली. नेसवणाऱ्या हातांत बांगड्या आहेत की नाहीत, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तिला आतून फार मोठं काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं.

"करते नीट," ती म्हणाली. "पुतळीत गौर उतरली, त्याला मी काय करू? आता तिची बाई करायला हवी."

ती काचेत शिरली. पुतळीच्या मागे खाली बसून, तोंडात टाचण्या धरून ती निऱ्यांचा घोळ आवरत होती. तेवढ्यात समोर सावली पडली म्हणून तिने पुतळीच्या कमरेआडून बघितलं.

काचेबाहेर विमला उभी होती. बरोबर तिची नवी सून दीपाली. दीपालीचा यंदा लग्नानंतरचा पहिला ववसा, गौरीपुढे सुपं ओवाळायची, म्हणून दोघी गौरीच्या साडीसाठी बाजारात आल्या असणार. विमला पुतळीकडे बघत होती. तिने पिशवी मनगटावर सरकवली, डोळे मिटले आणि हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा पुतळीच्या कमरेआडून गोदा तिच्याकडे बघत होती.

विमलाचे हात तसेच राहिले. ते खाली घ्यावेत की ठेवावेत, हे तिला सुचेना. तिने पुन्हा एकदा निऱ्यांकडे बघितलं. अशा निऱ्या तिने लग्न झाल्यापासून दर भादव्यात घरात बघितल्या होत्या, त्या तिला ओळखू येणार नाहीत तर कुणाला? ती लाल झाली, दीपालीच्या दंडाला धरून भराभर निघून गेली. साडी न घेताच.

गोदाने पुतळीचा पदर पाठीवरून पुढे घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. नथ काढली. मखर उचलून त्या जागी मुकुलच्या गोडाऊनमधलं एक सूप आणि नारळ ठेवला. आता ती सणाच्या गडबडीत नारळ घ्यायला वाकायच्या बेतात असलेली, घामाघूम होऊनही खुशीत असलेली कुणाचीतरी लेक दिसू लागली. "आता कुणी नाय हात जोडायचं," ती मुकुलला म्हणाली. "पदर खोचलेल्या बाईला कोण नमस्कार करतंय? तिला सगळे कामंच सांगतात."

संध्याकाळी हिरव्या साड्यांचा गठ्ठा संपला.

गौरी आणायच्या दिवशी घर भरून गेलं होतं. मुंबईची मंडळी आली होती, दापोलीकडच्या मुरुडहून सावित्रीआत्या आली होती. तेरडा वाजतगाजत घरात आला. गोदा मागे चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत बसली. माजघरातून विमलाचा आवाज येत होता, "धर गो नीट... सुटली परत." मग टाचण्यांची डबी सांडल्याचा आवाज आला, मग दीपालीचं दाबलेलं हसू.

गोदा भाकरी उलटत राहिली. मान वळवली नाही, पण कान सगळे तिकडेच होते.

"वैनी."

विमला दारात उभी होती. कपाळावर घाम, केसांत तेरड्याचं पान, आणि दोन्ही हातांत ती पत्र्याची पेटी.

"माझ्याच्यान नाय उभी राहत ती. तुमचीच वाट बघतेय."

"विमल, घरात माणसं हायत," गोदा हळूच म्हणाली.

"असूदेत."

मागून सावित्रीआत्या पुढे आली. "अगो विमल, पण असं कसं? तिने..."

"आत्या," विमला पेटी छातीशी धरून म्हणाली. "राम आळीत हिच्या हातची गौर होती. सगळं गाव हात जोडून गेलं. मी पण जोडले. आता घरातल्या गौरीला कुठल्या तोंडानं सांगू, की हिचे हात नको म्हणून?"

आत्या चुलीपाशी येऊन बसली. "बाजूला सर," ती गोदाला म्हणाली, "तुझ्या भाकऱ्या करपतील. मी बघते."

गोदाने हात धुतले, पुसले. पदर कमरेला खोचला. माजघरात तेरड्याची जुडी एका बाजूला कलंडली होती आणि साडी पायाशी गोळा झाली होती. दीपाली जमिनीवरच्या टाचण्या वेचून तिच्या हातावर ठेवत होती. गोदाने त्या ओठांत धरल्या आणि पहिली निरी घातली. "थांब गो बाय," ती फटीतून म्हणाली.

हळूहळू जुडीला कंबर आली, खांदे आले. मुखवटा बसला. मुलं पुढे सरकून बघू लागली. पदर पाठीवर सोडायच्या आधी गोदा क्षणभर थांबली, मग तिने तो पुढे घेऊन गौरीच्या कमरेला अगदी किंचित खोचला. माहेरी आलेली लेक होती ती. नुसती कशी बसेल?

विमला नथ आणि ठुशी तिच्या हातात देत होती. पेटी रिकामी झाली तशी ती उचलून विमला उभी राहिली. "वैनी, ही कुठं ठेवू?"

गोदाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने हनुवटीनेच आपल्या खोलीकडे दाखवलं.