बिनआवाजाचा डबा

आत्याने काउंटरवर चालू असलेलं कॉम्प्युटरचं तळहाताएवढं खोकं तारांसकट उचललं आणि सरळ डाव्या कानाला लावलं.

“आजी, त्याला स्पीकर नाहीये. वेगळा घ्यावा लागतो,” काउंटरमागचा विक्रेता म्हणाला.

“आजी असेल तुझी घरी. आणि स्पीकर मागितलाय कुणी? याचा पंखा किती बोंबलतो ते ऐकतेय मी.”

शेजारी उभ्या असलेल्या भाच्याने कपाळाला हात लावला. भाचा एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करत होता. घरात सगळे त्याला हुशार म्हणत. आत्या म्हणत नसे. ज्याला फोनवर धड ‘कोण बोलतंय’ असं विचारता येत नाही, नुसतं ‘हां’ म्हणतो, तो कसला हुशार, असं तिचं स्वच्छ मत होतं. तशी तिची मतं सगळ्यांबद्दलच स्वच्छ होती. भाऊ नेभळट, वहिनी तोंडदेखली, शेजारी चोंबडे आणि विक्रेते ही तर जातच खोटं बोलणाऱ्यांची.

“आत्या, हाच घे,” भाचा म्हणाला. “आठ जीबी रॅम आहे, ब्राउझिंगला भरपूर झाली. आणि यात खरी विंडोज आहे, म्हणजे तुझा जुना खेळपण चालेल.”

“हा गुरगुरतोय.”

“सगळेच थोडे गुरगुरतात गं. गरम होतात ना.”

“मग तो कोपऱ्यातला काळा का नाही गुरगुरत?”

“तो टीव्हीला लावायचा डबा आहे. फोनसारखा चालतो. त्यात तुझा खेळ उघडणारसुद्धा नाही.”

आत्याने काळा डबा उचलून कानाला लावला. आत अगदी शांत होतं.

“यात गेम चालतात का रे?” तिने विक्रेत्याला विचारलं.

“सगळं चालतं. गेम चालतात, ब्राउझिंग चालतं, सिनेमे चालतात.”

“ऐकलंस?” आत्या भाच्याला म्हणाली. “उगाच अक्कल पाजळत असतोस.”

विक्रेते खोटं बोलतात हे आयुष्यभर सांगत आलेल्या बाईने त्या दिवशी विक्रेत्याचं ऐकलं. भाच्याचं ऐकायचं नाही एवढ्यासाठी. दुसरंही कारण होतं, पण ते तिने दुकानात कुणाला सांगितलं नाही. भाच्याला तर नाहीच.

कारण होतं ढोली.

आत्या आणि ढोली एका मोठ्या सरकारी कचेरीच्या टेलिफोन विभागात ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर ‘थांबा हं, जोडून देते’. नोकरीने आत्याचा उजवा कान खाल्ला आणि ढोलीची कंबर. पुढे कधीतरी यंत्र आलं, फोन आपोआप जोडले जाऊ लागले. नोकरी पक्की असल्यामुळे बायकांना घरी पाठवता येईना आणि काम तर उरलं नव्हतं. मग साहेबांनी युक्ती काढली. दोघींना मागच्या खोलीत बसवलं, समोर दोन कॉम्प्युटर ठेवले आणि ‘प्रशिक्षण घ्या’ म्हणून सांगितलं. प्रशिक्षण द्यायला कुणी आलंच नाही. साहेब बदलले, त्या खोलीत दोन बायका बसतात हेही लोक विसरले. निवृत्तीपर्यंत पगार मात्र येत राहिला.

माणसाला असं अडगळीत टाकलं की माणूस एक तर कुजतो, नाहीतर चिडतो. या दोघी चिडल्या आणि रणगाड्यांचा खेळ खेळू लागल्या. खेळ अगदी बाळबोध. पडद्यावर विटांच्या भिंती, त्यात दोन रणगाडे, एकमेकांना हुडकायचं आणि उडवायचं. एका तारेने दोन्ही कॉम्प्युटर जोडलेले. ढोली अंगाने जाड म्हणून ढोली, आत्या वाळकी म्हणून काठी; मागच्या खोलीतून दिवसभर शिव्या ऐकू येत.

“ढोले, रणगाडा चालवतेस का म्हैस?”

“तू आधी भिंतीतनं बाहेर ये, काठ्ये. भित्री कुठली!”

एकमेकींबद्दल चांगला शब्द दोघींनी कधी काढला नाही. ढोलीचा नवरा गेला तेव्हासुद्धा आत्याने सांत्वन केलं नव्हतं. बाकी सगळे ‘धीर धर’ म्हणून गेल्यावर ती म्हणाली होती, “उद्या कामावर ये. उगाच घरी लोळू नकोस.” ढोली दुसऱ्या दिवशी आली आणि दिवसभर हरली. आत्याने एकदाही सोडलं नाही.

आता ढोली लेकीकडे दुसऱ्या गावी होती. तिच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. “मावशी, आई काहीच करत नाही हो,” लेक फोनवर रडली. “डॉक्टर हात हलवायला सांगतात, ती हलवत नाही. भेटायला येणारे एवढं गोड बोलतात, ही भिंतीकडे तोंड करून पडते. असंच चाललं तर उठायची नाही, म्हणाले डॉक्टर.”

“दे तिला फोन.”

 पलीकडून एकेक शब्द ओढत आणल्यासारखा आवाज आला. “काठी… खेळायचं?”

म्हणून कॉम्प्युटर हवा होता. लेकीकडे जुना लॅपटॉप होता, इकडे काहीतरी घेणं भाग होतं. आणि म्हणून तो बिनआवाजाचा हवा होता. ढोलीचं बोलणं आता इतकं हळू यायचं की एका कानाच्या बाईला पंख्याच्या घरघरीत ते हरवून बसायची भीती वाटत होती.

डबा घरी आला. आत्याच्या खोलीत शिलाई मशीनशेजारच्या फळीवर तो बसला, जुन्या टीव्हीला लागला आणि चालू झाला. सिनेमे दिसले. गाणी दिसली. रंगीबेरंगी गोळ्या जुळवायचा एक भिकार खेळ दिसला. खेळाची जुनी सीडी कशी घालायची म्हणून आत्याने डबा चारी बाजूंनी फिरवून पाहिला. घालायला जागाच नव्हती. भाच्याने सीडीतलं सगळं पेनड्राइव्हवर घेऊन दिलं. डब्याने पेनड्राइव्ह पाहिला आणि ‘ही फाइल उघडता येत नाही’ असं लिहून गप्प बसला. आवाज मात्र अजिबात केला नाही.

दारातून वहिनी म्हणाली, “जाऊ द्या हो वन्सं. या वयात कशाला शिंगं मोडून वासरांत शिरायचं? टीव्ही बघायला उपयोगी पडेल तो.”

“तुझ्याच खोलीत नेऊन लाव. तुला काय, हलतं चित्र दिसलं की पुरतं.”

वहिनी नाक मुरडून गेली. आत्या पलंगावर बसून राहिली. एवढ्या माणसांना मूर्ख ठरवून झाल्यावर आपण कानाने कॉम्प्युटर निवडला, हे तिला आता स्वतःशी कबूल करावं लागत होतं. शरमेने तिचे कान तापले. तिकडे ढोली वाट बघत पडली होती. लेकीने सकाळीच कळवलं होतं की आईने आज पहिल्यांदा उशीला टेकून बसवायला सांगितलं.

भाचा कामावरून आल्यावर आत्या त्याच्या दाराशी गेली. एवढ्या वर्षांत ती कधी त्याच्याकडे काही मागायला गेली नव्हती.

“तुझं ते गुरगुरणारं कुठलं होतं?”

“त्यापेक्षा बरं बघून ठेवलंय,” भाचा म्हणाला. “कंपन्या वापरून काढून टाकतात ना, ते छोटे पीसी. स्वस्त मिळतात आणि दणकट असतात. फक्त जरा ओबडधोबड दिसतं.”

“मी काय त्याच्याशी लग्न लावणार आहे? आण.”

ते आलं. राखाडी, कडेला पोचा पडलेलं, वर कुठल्यातरी कचेरीचा अर्धवट खरवडलेला स्टिकर. सुरू केल्यावर पंखा असा घरघरला की आत्याने भाच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण पडद्यावर विटांच्या भिंती उमटल्या. भाच्याने फोनवरून लेकीला काय काय दाबायला सांगितलं, दोन गावं एका तारेने जोडल्यासारखी जोडून दिली आणि तो निघून गेला. ‘मी सांगितलं होतं’ असं तो म्हणाला नाही. मुलगा अगदीच वाया गेलेला नाही, असं आत्याला वाटलं. ते तिने मनातच ठेवलं.

दुपार होती. फोन डाव्या कानाशी टेकवून आत्या बसली.

पलीकडचा रणगाडा निघाला. भिंतीला धडकला. मागे आला, पुन्हा त्याच भिंतीला धडकला. ढोली डाव्या हाताने खेळत होती आणि तो हातही तिचं ऐकत नव्हता. जी ढोली तीन भिंतींआडून नेम साधायची, तिला वळता येत नव्हतं.  ढोलीचा रणगाडा अगदी तिच्या तोफेसमोर, उघड्यावर येऊन थांबला, आणि आत्याने तोफ फिरवून शेजारच्या विटा फोडल्या.

“हुकलं बाई,” ती फोनमध्ये म्हणाली.

पंख्याची घरघर चालू होती. पलीकडून एक शब्द आला, मग दुसरा.

“तू… पण?”

“काय?”

“तूपण… कीव… करतेस?”

फोन बंद झाला. पडद्यावरचा रणगाडा नाहीसा झाला.

आत्याने स्वतःला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. सगळं गाव ढोलीशी गोड बोलत होतं, आणि हिने इकडून मशीन घेऊन तेवढंच केलं होतं. तिने पुन्हा फोन लावला. लेकीने उचलला.

“मावशी, आई बोलत नाही म्हणते. पुन्हा भिंतीकडे वळलीय.” 

“तिला सांग, नेम तुझा आधीही भिकार होता. आता आजाराचं निमित्त मिळालं म्हणून पळतेस.”

“अहो मावशी! असं कसं सांगू मी तिला?”

“जसंच्या तसं सांग. आणि भित्री म्हण.”

लेकीने फोन खाली ठेवल्याचं ऐकू आलं.  मग काहीतरी आपटल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, लेकीचं ‘आई, हळू, हळू’. आत्या पडद्याकडे बघत राहिली. कोपऱ्यात रणगाडा उमटला.

तो धडकत धडकत उघड्यावर आला. आत्याने त्याला दिसल्याबरोबर उडवलं. पुन्हा आला, पुन्हा उडवलं. तिसऱ्यांदा तो भिंतीआड वळू पाहत होता, जवळजवळ वळलाही होता, आणि तिने तोही उडवला.

“म्हैस!” ती ओरडली.

फोनमधून घशात अडकल्यासारखा काहीतरी आवाज आला. घरघरीतूनही आत्याला तो कळला. ढोली हसत होती.

“परत,” ढोली म्हणाली.

रणगाडा कोपऱ्यातून निघाला. भिंतीला लागला, मागे सरकला, हळूहळू तोफ वळवू लागला. आत्याला समोरचं नीट दिसेना. तिने चष्मा काढून बाहीने डोळे पुसले, चष्मा लावला, आणि नेम धरून बटण दाबलं.