लाँचरवरचं कासव

"चष्मा लाव आधी. फ्रिजवर असेल बघ."

स्क्रीनवर ही दोन वाक्यं उमटली आणि मी जागच्या जागी थिजलो. कारण चष्मा खरोखरच फ्रिजवर होता. लिहिणारा कोण, तर 'कासव' नावाचा कुणीतरी पोरगा, ज्याला मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि घटस्फोटानंतर मी या घरात एकटा राहायला आलो, तेव्हापासून फ्रिज वर चढवणाऱ्या हमालांखेरीज इथे कुणी पाऊल ठेवलेलं नाही.

आधी सगळं नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याचं डोकं फिरलंय. माझी लेक आईबरोबर आजोळी राहते. एका गेममध्ये तिने महिनोन्‌महिने खपून रेल्वे स्टेशन बांधलंय. रविवारी दुपारी तिथून पहिली गाडी सुटणार आणि बाबाने तीत बसायचं, असं ठरलेलं. याआधी तिच्या नाटकाला मी पोचलो नव्हतो, वाढदिवसालाही नाही. या वेळी ती फोनवर अगदी शांतपणे म्हणाली, "नाही जमलं तर राहू दे. पण मग मी परत बोलावणार नाही." पोरगी भांडली असती तर परवडलं असतं.

आता हा गेम साधा नव्हे. त्यावर शेकडो मॉड, म्हणजे लोकांनी बनवलेली वरची जोडकामं, चढवलेला अख्खा मॉडपॅक. तो लाँचर नावाच्या, गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधून घ्यायचा, म्हणे एका बटणाचं काम. कसलं बटण न् कसलं काय! कालपासून माझा गेम अर्धा उघडायचा आणि धाडकन बंद पडायचा. लेक म्हणाली, सर्व्हरच्या मदतीच्या पानावर विचार, तिथे कासव असतं. कासवाने क्रॅश रिपोर्ट, म्हणजे गेम का बंद पडला याची नोंद, मागितली. मी ती अख्खीच्या अख्खी चिकटवली. त्यावर बराच वेळ काही उत्तर नाही, आणि मग जी सुरुवात झाली ती हुकूमशाहीच. मेमरी वाढव. एवढी नको, बाकीच्या कॉम्प्युटरला श्वास घेऊ दे. नकाशाचा मॉड पॅकमध्ये असताना तू वरून दुसरा का कोंबलास? मीही काही ऐकून घेणाऱ्यातला नाही. अरे शहाण्या, मोठ्यांशी बोलायची ही पद्धत आहे का, असं त्याला सुनावलं. घरी कुणी वळण लावलं नाही का, हेही विचारून घेतलं. आज रविवार, गाडी सुटायला थोडाच वेळ उरलेला; तो पॅकची आवृत्ती तपासायला सांगत होता, मी छातीठोकपणे बरोबर आहे म्हणत होतो, आणि तेवढ्यात हे चष्म्याचं.

मी आधी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग पडदे ओढले. मग स्वतःलाच शिव्या घालत चष्मा चढवला, तर आवृत्तीचा शेवटचा आकडा मी एक वाचत होतो तो चक्क चार. डोळे आलेच होते ताळ्यावर, म्हणून क्रॅश रिपोर्टही पहिल्यांदाच नीट पाहिला. ओळीओळीत फाइलचा पत्ता, आणि प्रत्येक पत्त्यात कॉम्प्युटरच्या मालकाचं नाव: बाबुटला.

ते माझं नाव लेकीने लहानपणी ठेवलेलं. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, म्हणजे ते वाचून मला ओळखणारं कासव घरातलंच. लेकीला माहीत, तिच्या आईला माहीत, आणि आजीला. लेकीच्या आईला कॉम्प्युटरचा तिटकारा. राहिल्या सासूबाई, निवृत्त कॉम्प्युटर शिक्षिका, ज्यांनी घटस्फोटानंतर माझा फोन एकदाही उचलला नव्हता. त्यांच्याकडे गेलो की मी चष्मा दरवेळी फ्रिजवर विसरायचो आणि त्यांची बोलणी खायचो.

मी त्यांना शहाण्या म्हणालो होतो. वर वळण काढलं होतं. मी लिहिलं, "आई, तुम्ही?"

उत्तर आलं. "पहिल्या रिपोर्टमध्येच ओळखलं. गैरसमज नको, तुमच्यासाठी करत नाहीये. वाढदिवसाला पोरगी अंधार पडेपर्यंत बाहेर पायरीवर बसून होती. मला ते परत बघवणार नाही. आवृत्ती बदला आणि प्ले दाबा."

पायरीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्या दिवशी संध्याकाळी फोन करून शुभेच्छा दिल्या होत्या आणि ती हसून थँक्यू म्हणाली होती. मी मुकाट्याने आवृत्ती बदलली आणि प्ले दाबलं.

या वेळी गेम बंद पडला नाही. समोर फलाट आला, घड्याळ आलं, लाल रंगाची गाडी आली. फलाटावर लेकीचं पात्र उड्या मारत होतं आणि मागच्या बाकाजवळ 'कासव' नावाचं एक पात्र पाठ करून उभं होतं.

हेडफोनमध्ये लेकीचा आवाज आला. "बाबा, आलास तू? आजीने माझ्याशी पैज लावली होती, तू येणार नाहीस म्हणून. कालपासून तेच चाललं होतं तिचं. हरली आता."

कालपासून जी बाई माझ्या मानगुटीवर बसून मला इथवर घेऊन आली, तीच मी येणार नाही म्हणून पैज लावून बसली होती. म्हणजे मी नसतो आलो, तर पोरीला बाप आला नाही याचं नव्हे, निदान आजीशी लावलेली पैज हरल्याचंच वाईट वाटलं असतं.

लेकीच्या मागून सासूबाईंचा आवाज आला, "हरले गं बाई. चल, बसव त्यांना गाडीत."

मी गाडीत बसलो, मायक्रोफोन बंद केला आणि ढसाढसा रडलो.