काचेवरची खरखर

रुपा ग्रामसेवक झाली आणि महिनाभराच्या प्रशिक्षणाला धुळ्याला निघाली, तेव्हा तिच्या सासूबाईंच्या, सिंधुबाईंच्या, वाट्याला टिकली आली. टिकली म्हणजे पाण्यातलं कासव. डोळ्यांमागं लाल पट्टा, म्हणून हे नाव. रुपानं ते शाळेत असताना सुरतेच्या दुकानातून आणलं, तेव्हा रुपयाएवढं होतं. आता नऊ वर्षांचं, जेवणाच्या ताटलीएवढं झालं होतं. लग्नानंतर काचेच्या टाकीसकट ते पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमध्ये आलं. बैठकीच्या खोलीत हे घाण पाणी कशाला, म्हणून सिंधुबाई तेव्हा आठ दिवस धुसफुसल्या होत्या.

जाताना रुपानं कागद लिहून दिला. पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच टाकीत घालायचं. एका वेळी तिसरा हिस्साच बदलायचा. टाकीत पाण्याबाहेर ठेवलेल्या फरशीवर अंग शेकायचा दिवा सकाळी लावून संध्याकाळी बंद करायचा. कासवाच्या खाद्याचे दाणे मोजून, वर शेवग्याची कोवळी पानं, आणि कुरतडायला समुद्रफेनाचा तुकडा. हात लावला की तो साबणानं धुवायचा. सिंधुबाईंनी कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आणि एकही गोष्ट चुकवली नाही.

तरी पाचव्या दिवशी टिकलीनं खाणं सोडलं.

नुसतं खाणं सोडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ती स्वस्थ बसेना. पुढच्या पायांनी काच खरवडत वर जायची, घसरायची, पुन्हा वर. फरशीवर चढायची, दिव्याखाली पळभर थांबायची, धपकन पाण्यात. सकाळी भाकरी थापताना सिंधुबाईंच्या कानात तीच खरखर, दुपारी आडव्या झाल्या तरी तीच. त्या उठून बघायच्या, परत आडव्या व्हायच्या, परत उठायच्या. पाणी गार असेल म्हणून त्यांनी हात घालून पाहिला. मार्चच्या उन्हानं ते कोमटच होतं. माणसांना बुजत असेल म्हणून टाकीवर लुगडं टाकलं. खरखर वाढली. शेवटी भाकरीचा तुकडा टाकला, तो फुगून पाणी गाळायच्या मोटारीच्या जाळीत अडकला आणि पाणी गढूळ झालं.

मुलगा भूपेंद्र, रुपाचा नवरा, साखर कारखान्यात बॉयलरवर होता. गळिताचा हंगाम संपत आलेला, दोन दोन पाळ्या करून तो घरी येई तेव्हा डोळे मिटत असत. त्यानं टाकीपाशी उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, "आई, तिले तापीमा सोडी देऊत का? जीव तरी वाची."

"ते मन्हं नही, तिन्हं शे," सिंधुबाई म्हणाल्या. "रुपा ईसन इचारी तं काय सांगू?"

रुपाचा रोज फोन यायचा. टिकली खाते का, हा तिचा पहिला प्रश्न. सिंधुबाई हो म्हणायच्या. तिचा प्रशिक्षणाचा पेपर जवळ आला होता. उगाच तिकडे जिवाला घोर नको, असं त्या स्वतःला सांगायच्या. पण खरं कारण दुसरं होतं. सासूला नकोच होतं ते कासव, असं सुनेच्या मनात आलं तर?

आठव्या दिवशी त्यांनी टिकलीला ओल्या फडक्यात गुंडाळून घमेल्यात ठेवलं आणि रिक्षा करून जनावरांचा दवाखाना गाठला. म्हशीगाईंच्या रांगेत मांडीवर घमेलं घेऊन बसल्या. लोक बघत होते. डॉक्टर स्टीफन गावित नवापूरकडचे, तरुण. त्यांनी आधीच सांगून टाकलं की गुरं आणि शेळ्यांपलीकडं आपला फारसा हात नाही. मग त्यांनी एका वर्गमित्राला फोन लावला, तो सांगत गेला तसं मागच्या पायापुढच्या मऊ जागेत बोट घालून चाचपलं. दोन्ही बाजूंनी चाचपलं.

"मावशी, हिच्या पोटात अंडी आहेत," ते म्हणाले. "ही पाण्यात घालत नाही. माती उकरून घालते. जागाच मिळत नाही म्हणून ती काच खरवडते आहे."

सिंधुबाईंना खरं वाटेना. नर नसताना अंडी कशी? कोंबडी नाही का घालत, डॉक्टर म्हणाले; फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पण अंडी अडली तर जिवाला धोका. दोन-तीन दिवसांत घातली नाहीत तर सुरतेला नेऊन एक्स-रे काढावा लागेल.

घरी येताच त्यांनी परसातल्या शेवग्याखाली टिकलीला सोडलं. तिथली काळी माती उन्हानं दगड झालेली. टिकलीनं मागच्या पायांनी चार वेळा ओरबाडलं आणि कुंपणाकडं चालू लागली. दुसऱ्या दिवशी सिंधुबाईंनी कुदळीनं हातभर खोल जागा खणली, शेजारच्या बांधकामावरून दोन पाट्या वाळू मागून आणली, मातीत कालवली, पाणी शिंपून ओली केली. भोवती पत्रे उभे केले. टिकलीला आत ठेवून शेजारी बसल्या. ती पत्र्याकडेनं फिरत राहिली. उकरायला लागायची, सिंधुबाई हलल्या की थांबायची.

तिसऱ्या दिवशी त्या घरात गेल्या आणि खिडकीच्या फटीतून बघत राहिल्या. कावळा आला तर म्हणून हातात काठी होती, पण जागचं हलायचं नाही असं ठरवलं होतं. दुपार कलता कलता टिकली एका जागी थांबली. मागचा एक पाय माती काढी, मग दुसरा. तासभर गेला. मग पांढरं, लांबट अंडं खाली उतरलं. त्यामागून दुसरं. सिंधुबाईंचे पाय भरून आले, तरी त्या उभ्याच होत्या. नऊ अंडी घालून टिकलीनं त्यावर माती ओढली आणि पोटानं दाबून सारखी केली.

संध्याकाळी फोन आला तेव्हा सिंधुबाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "बेटा, मी तुले रोज खोटं सांगं."

मग रुपा म्हणाली, "आई, मी निघायच्या आदल्या रात्रीच, तुम्ही झोपल्यावर, तिनं काच खरवडायला सुरुवात केली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ठेवूनच घेतलं नसतं, असं वाटलं मला."

सिंधुबाईंना राग आला, आणि तो टिकेना. आपण खरंच ठेवून घेतलं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी टिकलीनं पानं खाल्ली, दाणे खाल्ले. काच शांत होती. पण डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की महिनाभरात ती पुन्हा घालू शकते. म्हणून भूपेंद्र सुटीच्या दिवशी टाकीच्या कडेला फळीची उतरण आणि मातीचा मोठा टप बसवायला लागला. सिंधुबाई मधेच काम सोडून येत, टिकलीकडं बघत, मातीत बोट घालून ओल पाहत आणि परत जात.