आठव्या भागातलं भांडण

कॅरिन नाहीशी होऊन बरीच वर्षं झाली होती. पोलिसांनी तपास गुंडाळून ठेवला होता आणि आमच्या इशपेमिंग गावात तिचं नावही कुणी काढत नव्हतं. म्हणून कोल्बी नावाचा पॉडकास्टवाला डेट्रॉइटहून आला, तेव्हा तिच्या आईने, माझ्या मैत्रिणीने, डेल्फीनने त्याला मागेल ते दिलं. फोनवर रेकॉर्ड होऊन राहिलेला मुलीचा शेवटचा निरोपसुद्धा : "आई, निघालेय गं. कॉफी टाकून ठेव."

प्रत्येक भाग त्या निरोपाने सुरू व्हायचा. डेल्फीन भांडी घासताना, बर्फ उपसताना तेच भाग कानाला लावून असायची. "घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं," म्हणायची. कुठकुठल्या अनोळखी लोकांची पत्रं आली. पोलिसांनी पुन्हा चौकशी सुरू केली. जावई वेस दर रविवारी यायचा, तोही तिच्याबरोबर बसून ऐकायचा.

पण नवीन काही सापडेना आणि ऐकणारे कंटाळले. मग आठव्या भागात कोल्बीने नट-नटी घेऊन एक प्रसंग बसवला. कॅरिन आणि वेसचं कडाक्याचं भांडण, फुटलेल्या बशा, आपटलेलं दार. 'हा प्रसंग काल्पनिक आहे' असं सुरुवातीला घाईघाईत म्हटलं होतं. ते कोण लक्षात ठेवतं?

आठवड्याभरात वेसच्या गॅरेजवर कुणीतरी 'खुनी' असं रंगवून गेलं. तो कामाला होता त्या लाकडाच्या गिरणीतून त्याला घरी बसायला सांगितलं.

डेल्फीनने कोल्बीला फोन केला. "तेवढा प्रसंग काढून टाका हो."

"आम्ही आधी सांगितलंय की तो काल्पनिक आहे. आणि लोकांनी सगळ्यात जास्त तोच भाग ऐकलाय. लोक कॅरिनबद्दल बोलतायत, हेच हवं होतं ना तुम्हाला?"

तिने फोन ठेवून दिला.

रविवारी वेस आला तेव्हा मी तिथेच होते. डेल्फीनने त्याला मांस-बटाटा भरलेली पेस्टी वाढली. मग ताटलीकडे बघतच विचारलं, "वेस, त्या दिवशी ती दार आपटून निघाली होती का रे?"

त्याने काटा खाली ठेवला. "आई, मी तेव्हा गिरणीत होतो. ती आली नाही म्हणून तिथे फोन तुम्हीच केला होतात."

"हो रे. माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण ते दार आपटलेलं ऐकू येतं, त्याला काय करू?"

तो ताटली तशीच ठेवून उठला. जाताना नेहमीसारखं पायऱ्यांवरचं बर्फ काढून गेला. वसंतात तो विस्कॉन्सिनला राहायला गेला. डेल्फीनने त्याला अडवलं नाही, अडवायचं तर कुठल्या तोंडाने?

परवा ती मला म्हणाली, "कॅरिन चिडली की कशी बोलायची गं? मला त्या नटीचाच आवाज येतो."

मी आठवून बघितलं. कॅरिन माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली मुलगी. पण मलाही तोच आवाज आला. मी डेल्फीनला तसं सांगितलं नाही.